टिलमनच्या रेडिओवर कोणाचं नाव

अमेरिकेत, इलिनॉयमधल्या टिलमन गावच्या विमानतळाला विमानतळ म्हणायचं ते सौजन्य म्हणून. मक्याच्या शेतांमधून गेलेली एक धावपट्टी, पत्र्याची दोन शेडं आणि एक खोली. खोलीत कॉफीचं यंत्र, रेडिओ आणि रेडिओपुढे मर्ल ऑस्टरहाउस. पैकी पहिल्या दोन गोष्टी अधूनमधून बंद पडत. मर्ल अठरा वर्षांत एकदाही बंद पडला नव्हता.

या कामाला पगार नव्हता. फवारणीची विमानं, रविवारचे हौशी वैमानिक, एखादा वाट चुकलेला डॉक्टर, एवढीच गिऱ्हाइकं. अशा लहान ठिकाणी रेडिओवर बोलायची एक रीत असते. वाक्याच्या सुरुवातीला गावाचं नाव घ्यायचं आणि शेवटीही घ्यायचं, म्हणजे शेजारच्या गावावर घिरट्या घालणारा घोटाळ्यात पडत नाही. "टिलमन, वारा पश्चिमेकडून दहा, धावपट्टी मोकळी, टिलमन." हे मर्ल दिवसातून चाळीस वेळा म्हणे.

म्हणून माजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी विमानतळाला त्यांचं नाव द्यायचं ठरलं, तेव्हा बाकीचे पाटीच्या रंगावर भांडत होते आणि मर्लने मनातल्या मनात गुणाकार केला. चाळीस दुणे ऐंशी.

ते नाव त्याच्या तोंडून १९८१च्या ऑगस्टपासून कोणी ऐकलं नव्हतं. बायका नवऱ्याचं नाव घेत नसत त्या आदरापोटी. मर्लचं कारण वेगळं होतं. त्या साली संपावर गेलेल्या हजारो हवाई वाहतूक नियंत्रकांतला तो एक. राष्ट्राध्यक्षांनी अठ्ठेचाळीस तास दिले, जे परतले नाहीत त्यांना काढून टाकलं आणि पुन्हा कधी घ्यायचं नाही असंही ठरवलं. मर्ल पस्तिशीचा होता. पुढे त्याने बियाणं विकलं, शाळेची बस चालवली, लोकांच्या घरांतले हीटर दुरुस्त केले. बारा वर्षांनी बंदी उठली तेव्हा बायकोने, आर्डिसने, अर्जाचा कागद आणून टेबलावर ठेवला. मर्लने त्याच्यावर कॉफीचा कप ठेवला. त्याच आठवड्यात तो टिलमनच्या रेडिओपुढे जाऊन बसला.

विमानतळ समितीचा अध्यक्ष होता आर्डिसचाच भाऊ, डुएन क्लॅपर. डुकरं पाळणारा, मनाने चांगला, आवाजाने मोठा. महिनाभर कॅफेत दोघांचा वाद चालला. डुएनचं म्हणणं असं, की त्या माणसाने महागाई आटोक्यात आणली, एकही गोळी न झाडता रशियाला नमवलं, देशाला ताठ उभं केलं, आणि मुख्य म्हणजे तो आपल्या इलिनॉयचा पोरगा. शिवाय त्याच्याकडे हुकमाचं पान होतं.

"तू सही केली होतीस, मर्ल. संपावर जाणार नाही म्हणून. शपथेवर."

"केली होती."

मर्लशी वाद घालण्यात हीच अडचण होती. खरं असेल ते तो लगेच कबूल करी, त्यामुळे वाद संपत नसे. मग तो आपलं सांगे. तो माणूस स्वतः सिनेनटांच्या युनियनचा अध्यक्ष होता आणि त्याने स्वतः संप केला होता. नियंत्रकांच्या युनियनने निवडणुकीत त्याला पाठिंबा दिला होता, आणि मर्लने अंगणात त्याच्या प्रचाराची पाटी रोवली होती.

"ज्याला मत दिलं नाही, त्याच्यावर एवढी वर्षं कोण रागावेल?" तो म्हणे, आणि ॲपल पायचा तुकडा पुढे ओढे.

ठरावाची सभा अग्निशमन केंद्रात भरली. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं होती. मर्लला एक पुरलं. पाटीवर काय हवं ते लिहा, तो म्हणाला, हवं तर डुएनच्या डुकरांच्या शेडलाही तेच नाव द्या. पण रेडिओवर मी टिलमनच म्हणणार.

डुएनने अध्यक्षाचा आवाज काढला. नियम म्हणजे नियम. नाव पूर्ण घ्यायचं, दोन्ही टोकांना. ज्याला जमत नाही त्याने खोलीची किल्ली द्यावी. मग आपण फार कडक झालो असं वाटून त्याने उदारपणे जोडलं, "घाई नाही. अठ्ठेचाळीस तास घे, विचार कर."

दुसऱ्या रांगेत आर्डिसचं विणकाम थांबलं. डुएन सात वर्षांचा असताना ती त्याच्याकडे जशी बघे, तशी तिने बघितलं. तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

"मागच्या वेळीही तेवढेच मिळाले होते," मर्ल म्हणाला. "तेव्हाही वापरले नाहीत." आणि त्याने किल्ली टेबलावर ठेवली.

दुसरं कोणी रिकामं नव्हतं, म्हणून रेडिओपुढे डुएनच बसला. आता नियंत्रकांची आणखी एक रीत. खुर्ची सोडणारा तसाच निघून जात नाही. नव्याच्या हाती सगळं नीट येईपर्यंत तो पाठीमागे उभा राहतो. १९८१ साली मर्लला तेवढंही करू दिलं नव्हतं. म्हणून आपणही रीत मोडावी असं त्याला वाटलं नाही. सकाळी सात वाजता कप घेऊन तो डुएनच्या मागे हजर.

पहिली हाक आली जोलीनची, फवारणीचं विमान चालवणारीची.

"रेगन, वारा पश्चिमेकडून—"

"पूर्ण नाव," मागून आवाज आला. "ठरावात आहे."

"रोनाल्ड विल्सन रेगन स्मृती विमानतळ, वारा पश्चिमेकडून बारा, धावपट्टी मोकळी, रोनाल्ड विल्सन रेगन स्मृती विमानतळ."

"मी उतरलेसुद्धा," जोलीन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, की नाव संपेपर्यंत वर थांबायचं असेल तर इंधन जास्त भरून आणू का. डुएनच्या हातून नाव सुटलं की मर्ल सांगे, "पूर्ण नाव." आवाजात खवचटपणा नाही, नवशिक्यांना शिकवताना असे तेवढीच चिकाटी.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीन विमानं एकदम आली. डुएनचा घसा बसला होता. त्याने बटण दाबलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "टिलमन, वारा दक्षिणेकडून आठ, आधी जोलीन, टिलमन."

मागून कोणी काही बोललं नाही.

विमानं उतरल्यावर डुएनने खिशातून किल्ली काढून टेबलावरून सरकवली. पाटीवर राष्ट्राध्यक्ष, रेडिओवर गाव, असा ठराव आपण करून घेऊ म्हणाला. मग काहीतरी हातचं राखायला हवं म्हणून घोगऱ्या आवाजात, "तरी माणूस मोठाच होता."

"असेल. त्याने मला घरी बसवलं, तेही पाटीवर लिही. खाली, बारीक अक्षरात चालेल."

"किल्ली घे, मर्ल."

मर्लने कप विसळला, उपडा ठेवला आणि टोपी घातली.

"घाई नाही ना?" तो दारातून म्हणाला. "अठ्ठेचाळीस तास विचार करतो."