घर विकायचं म्हणून काकांना हलवलं

मंडळी, आज व्हाकोआ गावातलं आमचं घर बघायला गिऱ्हाईक येणार म्हणून आम्ही सामान हलवत होतो. सून म्हणाली, "आई, खोली मोकळी दिसायला हवी." मी हातातलं गाठोडं खाली ठेवलं.

आमच्या या बेटाला स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आदल्या वर्षी, मी चौदा वर्षांची असताना, विलायतेला जायचं म्हणून बाबांनी घर विकायला काढलं. दलाल म्हणाला, "आजारी माणूस दिसला तर कोण घेईल?" बाबांनी अंथरुणाला खिळलेल्या काकांना लालमती गावी आत्याकडे पाठवलं.

निघताना काकांनी विचारलं, "दादा, गिऱ्हाईक येऊन गेलं की मला परत आणशील ना?"

"हो रे," बाबा म्हणाले.

घर लगेच विकलं गेलं. काका महिन्याभरात तिथेच वारले.

त्यांचे कपडे मीच गाठोड्यात बांधले होते. "नको पाठवू" असं मी बाबांना एकदाही म्हणाले नाही. तुम्ही म्हणाला असता?