फुकटची किडनी

गाड्यांचे जुने पार्ट विकणाऱ्या शेठचा एकच सिद्धांत होता: फुकट मिळालेला माल कुठेतरी तडकलेलाच असतो. त्याने जन्मात कुणाचा चहासुद्धा फुकट घेतला नाही. पाजलाच कुणी, तर दुसऱ्या दिवशी त्याला दोन पाजून हा मोकळा. कुणाचं म्हणून मिंधं राहायचं नाही. लोक याला स्वाभिमान म्हणत, बायको खोड म्हणायची.

मग त्याच्या दोन्ही किडन्यांनी संप पुकारला. दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. डॉक्टरांना त्याने पहिला प्रश्न धंद्यातलाच विचारला, "नवी कितीला पडेल?"

"विकत घेणं गुन्हा आहे," डॉक्टर म्हणाले. "जवळच्या कुणीतरी द्यावी, नाहीतर रांगेत थांबावं. रांग मोठी आहे, देणारे मोजके."

शेठ चक्रावला. मागणी एवढी, माल एवढासा, आणि भावच नाही! असला बाजार कुणी चालवतं का?

बायकोला मधुमेह, पोटी मूलबाळ नाही. भाऊबंद तपासणीचं नाव काढताच पांगले. एकाची तर कंबरच धरली. पुढे आली ती आतेबहीण, शिवणकाम करून पोट भरणारी. "दादा, माझी घे. मला दोन आहेत," ती म्हणाली. तपासण्या झाल्या आणि किडनी जुळलीसुद्धा.

दुसरा कुणी असता तर हात जोडून गप्प बसला असता. शेठची मात्र झोप उडाली. एक कप चहा पचत नाही, तिथे ही किडनी कशी पचणार? शेवटी त्याने वकील गाठला आणि बाजारातला आपला एक गाळा बहिणीच्या नावावर करून टाकला. मग कुठे त्याचा डोळा लागला.

नातं सख्खं नसलं की हॉस्पिटलची समिती दोघांना वेगवेगळं बसवून विचारते, काही देणंघेणं झालंय का? शेठ म्हणाला, "छे हो, घरचं प्रकरण आहे." बहिणीने मात्र कौतुकाने सांगून टाकलं, "न मागता गाळा दिला दादाने. सख्खा भाऊ तरी देतो का हो?"

समितीने तिथल्या तिथे नकार दिला.

"अहो, ती फुकटच देत होती! गाळा मी माझ्या समाधानासाठी दिला," शेठ समितीच्या बाईंना म्हणाला.

"ते आम्ही कसं ओळखायचं? शिकवलेली माया बोलून दाखवणारी गरीब माणसं इथे रोज येतात."

"मग गाळा परत घेतो."

"आता नाही चालणार."

"म्हणजे मी नुसती घेतली असती तर?"

"तेवढंच तर करायचं होतं तुम्ही," बाई म्हणाल्या.

शेठला भांडायचं होतं, पण बाईंचं चुकलं कुठे तेच सापडेना. करायला गेला एक आणि झालं भलतंच. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःची लाज वाटली.

बाहेर बाकावर बहीण हमसून हमसून रडत होती. "माझ्याच तोंडाला कुलूप नाही! दादा, तो गाळा घेऊन मी आता काय करू?"

शेठ तिच्या शेजारी टेकला.

"राहू दे तुझ्याकडेच," तो म्हणाला. "तसाही आता तो लवकरच कुणाच्या तरी नावावर करावा लागणार होता."