नसलेल्या मक्याचा भाव

माझ्या भाचीला सगळा बाजार ‘भाववाली’ म्हणतो. आठवडी बाजारात दुकानोदुकानी फिरून धान्य, तेल, मीठ यांचे भाव विचारायचे आणि फोनवरच्या तक्त्यात भरून मुख्य कार्यालयाला कळवायचे, ही तिची नोकरी. कचेरीच्या गच्चीवरचं पर्जन्यमापकही तीच बघते. या आकड्यांवरून वर एक नकाशा रंगतो. हिरवा म्हणजे लोक जेवताहेत, लाल म्हणजे धान्याचे ट्रक पाठवा.

मी उभा जन्म रंगभूमीवर काढला. आता तिच्यासोबत बाजारभर फिरते, कारण असा प्रयोग दुसरीकडे बघायला मिळत नाही. एखाद्याने भाव कमी सांगितला की ती पिशवी पुढे करते. "या भावाने दोन किलो घाला, शेठ." शेठ ओशाळं हसतो आणि खरा आकडा बाहेर येतो. नाटकात असती तर आम्हाला घरी बसवलं असतं पोरीने.

यंदा पर्जन्यमापकात धूळ साठली. मग एका बाजाराच्या दिवशी शेठने रिकामं पोतं झटकून दाखवलं. "मका नाही, ताई. कुठल्याच भावाला नाही."

"मग मी लिहू काय?"

नियम असा, की माल न मिळाल्यास मागच्या आठवड्याचा भाव लिहावा. रिकामा रकाना फोन घेतच नाही. तिने मागचा भाव लिहिला. पुढच्या बाजारीही तोच. बाजारात मक्याचा दाणा नाही आणि नकाशावर आमचा भाग हिरवागार. आत चिटपाखरू नसताना बाहेर हाउसफुल्लचा बोर्ड लावणारे मॅनेजर मी पाहिलेत. ते निदान लाजायचे.

तिची लेक वरच्या वस्तीत दिलेली. एके दुपारी लेकीचा फोन आला. तो ठेवून भाची म्हणाली, "मावशी, त्यांनी पेरणीचं बियाणं दळलं."

आम्ही तडक कचेरीत गेलो. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला.

"भाव वाढलाय का?"

"मकाच नाही, साहेब."

"ते कळलं हो. पण भाव स्थिर दिसतोय."

"मेलेला माणूसही स्थिरच असतो," मी म्हटलं.

"मावशी, नियम मी केलेला नाही."

जिन्यात मी तिला म्हटलं, "तिप्पट भाव ठोकून दे. होऊ दे नकाशा लाल."

"आणि उद्या खरंच तिप्पट झाला, तर माझं कोण ऐकेल?"

पुढच्या बाजारी तिने काहीच कळवलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पगार कापला जाईल हे तिला ठाऊक होतं. नकाशावर आमचा भाग करडा झाला, म्हणजे माहिती नाही.

आणि इथेच माझं डोकं सणकतं. दाणे संपले तेव्हा कुणी फिरकलं नाही. आकडे थांबले आणि लगोलग जीप आली. वरचे दोन अधिकारी उतरले, ते भाववालीला शोधत. ती भांडली नाही. हातातली पिशवी त्यांच्याकडे देऊन म्हणाली, "मक्याचा भाव तुम्हीच विचारून या."

अख्खा बाजार फिरून ते रिकामी पिशवी घेऊन परतले. मग कुठे ट्रक आले.

लेकीची चूल पेटली. शेत मात्र तसंच पडलंय, कारण ट्रकमध्ये खायचं धान्य होतं, पेरायचं नव्हतं. भाचीला गैरहजेरीचा मेमो मिळाला. नियम जिथल्या तिथे आहे.

परवा बाजारात तिने फोन उघडला आणि बराच वेळ बोटाने वरखाली करत राहिली.

"काय शोधतेस?"

"बियाणं नाही, हे कुठे लिहू?"

तसा रकानाच नाही.