पितांबर मिस्त्रींचा जुना प्लग

तळोद्यात जीप अडखळायला लागली की ड्रायव्हर पितांबर मिस्त्रींचं गॅरेज गाठतात. परवा तोरणमाळचा उदेसिंग आला आणि म्हणाला, "डिझेलच खराब शे, भाऊ."

मिस्त्री खेकसले, "डाक्टर तू शे का मी?"

इंजिन चालू ठेवून त्यांनी डिझेल फवारणाऱ्या एकेका इंजेक्टरच्या पाइपाचा नट सैल करून त्याचं डिझेल तोडून पाहिलं. पहिल्या दोन्ही वेळा इंजिन आणखीच लंगडलं. तिसऱ्या वेळी आवाज जरासुद्धा बदलला नाही.

"हाऊच झोपेल शे," म्हणत त्यांनी तो इंजेक्टर काढून साफ केला. जीप सुरेख चालू लागली.

निघताना उदेसिंग मिस्त्रींच्या मोटरसायकलकडे बघून हसला. खराब प्लगमुळे ती वर्षभर फटफट करत अडखळायची, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मिस्त्रींना ते हसणं झोंबलं. त्यांनी लगेच नवा प्लग घातला आणि दुपारी आवाज न करता घरी पोहोचले.

तवा थंड होता. बायको, कौसाबाई, त्यांच्यावरच उखडल्या, "गल्लीना कोपरावर फटफट ऐकू उनी नही, मंग भाकर कशी टाकू?" रोज तो आवाज ऐकला की त्या तवा तापत ठेवायच्या.

संध्याकाळी मिस्त्रींनी भंगाराच्या डब्यातून जुना प्लग शोधून काढला, फुंकर मारली आणि परत बसवला.