सहीआधीचे आठ दिवस

फॉर्म पुढे आला की सर आधी पेनाला टोपण लावायचे. मग चष्मा कपाळावर सरकवायचे आणि समोरच्या पोराला आपादमस्तक न्याहाळायचे.

"फॉर्म कसला हाय ते मागनं बघू. आधी सांग, जेवलास कुणाकडं?"

पोरगं गोंधळायचं. "घरी, सर."

"मग थांब."

मी शेजारच्या टेबलावर शिक्का घेऊन बसलेला असायचो. तळेगाव ढमढेऱ्याच्या आमच्या ज्युनियर कॉलेजात सर प्राचार्य आणि मी क्लार्क. शाळेतल्या क्लार्कला सगळे भाऊसाहेब म्हणतात, तसे मलाही म्हणत. शिक्का माझ्याकडे, सही सरांकडे. माझा शिक्का एका दणक्यात बसायचा. सरांच्या सहीला आठ दिवस लागायचे.

कारण ते आठ दिवस पोराने परक्याच्या घरी काढायचे, असा सरांचा कायदा होता. बारावीनंतर पुढे काय शिकायचं ते ठरवण्याआधी, ज्यांची भाषा आपली नाही, ज्यांचा स्वयंपाक आपला नाही, अशा घरात राहून यायचं. शिक्षण खात्याच्या कुठल्याही जीआरमध्ये हे नव्हतं. जीआरच्या फायली मीच लावत होतो, मला विचारा.

आता अशी घरं आमच्या शिरूर तालुक्यात आणायची कुठून? सरांनी दौंड धरलं होतं. दौंडच्या रेल्वे क्वार्टरांत काय नाही? तमिळ ड्रायव्हर, तेलुगू फिटर, बंगाली तिकीट तपासनीस, अँग्लो इंडियन गार्ड. सरांची सगळीकडे ओळख. आमची पोरं तिकडे जायची आणि त्यांची पोरं बदल्यात इकडे यायची.

"सर, हे कॉलेज हाय का धर्मशाळा?" मी एकदा न राहवून विचारलं होतं.

"भाऊसाहेब, धर्मशाळंत पैसं पडत न्हाईत. तसंच समजा."

ही खोड आली कुठून, ते सांगितलं पाहिजे. सर वडगाव रासाईचे, मेंढपाळाच्या घरचे. आता त्यांच्या भावांची नदीकाठी उसाची शेती आहे, पण सरांच्या लहानपणी मेंढरं, घोडी, कोंबड्या, पोरंबाळं असा अख्खा संसार चालत असायचा. त्याला ते वाडा म्हणत. चौथीपर्यंत सरांच्या पाच शाळा झाल्या. "एका शाळंत शिकायचो ते दुसरीत जाईस्तवर इसरायचो," ते सांगायचे, "पर कुठल्या गावात कालवणात काय घालत्यात ते अजून पाठ हाय." पुढे दौंडला रेल्वे लाईनीजवळ वाड्याचा मुक्काम पडला असताना एका अँग्लो इंडियन गार्डाने या चुणचुणीत पोराला आपल्या पडवीत ठेवून घेतलं. मॅट्रिकपर्यंत सर तिथेच वाढले. त्या गार्डाचा मुलगाही पुढे गार्ड झाला. त्याच्या बायकोला सगळं दौंड आंटी म्हणायचं.

सरांच्या या कायद्यापायी काय काय निस्तरावं लागलं ते माझं मला माहीत. वडगाव रासाईचाच एक पोरगा आयटीआयचा फॉर्म घेऊन आला आणि तमिळ ड्रायव्हरच्या घरी रवाना झाला. तिसऱ्या दिवशी परत! डोळे खोल गेलेले, तोंड उतरलेलं.

"सर, लई कंजूस माणसं हायती. दोन दिवस उपाशी ठिवलं."

सरांनी चौकशी केली. झालं होतं असं की, आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. पाहुण्याने नको म्हणायचं, यजमानाने घ्या म्हणायचं. पुन्हा नको, पुन्हा घ्या. तिसऱ्या वेळी ताटावर आडवा हात धरायचा आणि बोटांच्या फटीतून भाकरी पडू द्यायची. पहिल्याच झटक्याला हो म्हणणारा खादाड ठरतो. पोराने संस्काराप्रमाणे नको म्हटलं. बाईंनी मान डोलावली आणि इडल्यांचं भांडं उचलून आत नेलं. दुपारी नको, भात आत. रात्री नको, रसम आत. घरात आठ माणसांचा स्वयंपाक आणि हा बिचारा स्टेशनच्या नळावर पाणी पिऊन झोपला.

सर पोट धरून हसले. मग म्हणाले, "कंजूस न्हाईत रं बाबा. तू नको म्हणलास, त्यांनी तुझ्या शब्दावर इश्वास ठिवला. आपल्यात कुणी ठिवतं का?"

पोराला परत पाठवलं. इकडे त्या ड्रायव्हरचा मुलगा वडगावला या पोराच्या घरी आलेला. तो पुरे म्हणेल तसतशी याची आई वाढत होती. त्याला वाटलं, ताट रिकामं ठेवणं हाच गुन्हा असावा. त्याने ताट भरलेलं ठेवून पाहिलं, तर आजी म्हणाली, "जेवंना झालं लेकरू, दृष्ट लागली," आणि मीठमोहऱ्या घेऊन आली. चौथ्या दिवशी त्याला बैलगाडीत आडवा घालून डॉक्टरकडे न्यावं लागलं.

सांगायची गोष्ट म्हणजे, दोन दिवस उपाशी राहिलेलं आमचं पोरगं आयटीआयचा फॉर्म फाडून हॉटेल मॅनेजमेंटला गेलं. त्याचा बाप माझ्या टेबलावर काठी आपटून गेला. सरांच्या नाही, माझ्या. मारुती सापडेना म्हणून शेपटाला हाणायचं, त्यातली गत.

इथवर मला सगळी गंमत वाटत होती. मग माझी सुनीता बारावी झाली.

सायन्सला बहात्तर टक्के. मी तिचं सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं. डी.एड. करायचं. दोन वर्षांत मास्तरीण. आमचं गाव निमोणे, आसपास कुठेतरी झेडपीची शाळा मिळाली की सकाळी जाईल, संध्याकाळी घरी येईल. मी फॉर्म भरला, गुणपत्रिकेच्या नकला काढल्या, शिक्का आधीच मारून ठेवला आणि बाकीच्या कागदांत मधोमध घालून सरांपुढे सरकवला.

सरांनी टोपण लावलं.

"भाऊसाहेब, पोरगी जेवली कुणाकडं?"

"आमच्याच घरी. सतरा वर्षं."

"मग तिला एकच चव ठावं हाय. आंटीकडं धाडा."

माझं टाळकंच सरकलं. अठरा वर्षं ज्या माणसाच्या फायली वाहिल्या, त्याने माझ्या पोरीलाही सोडू नये? बरं, आंटी म्हणजे फ्रॉक घालणारी बाई. भावकीत काय तोंड दाखवू? मधल्या सुट्टीत ऑफिसात कुणी नव्हतं. मी नकला पुढे ओढल्या आणि सरांची सही स्वतःच ठोकली. हात इतका सराईत, की माझी मलाच शंका आली सरांनी केली की काय.

सुट्टी संपल्यावर सर आले, जावकचा ट्रे चाळला आणि ती नक्कल उजेडाकडे धरली.

"सही झकास झालीया. खालची रेघ माझ्याहून सरळ हाय." मग हळूच म्हणाले, "पर मी हिरव्या शाईनं करतो, भाऊसाहेब."

अठरा वर्षं त्या हिरव्या शाईच्या बाटल्या मीच दुकानातून आणत होतो! आणि रागाच्या भरात खिशातलं निळं पेन काढलं. धरणी दुभंगावी असं झालं मला. सर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते ओरडले नाहीत. कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "धाडायचं तर धाडा. कुणी इचारलं तर माझीच सही हाय म्हणून सांगीन. फकस्त पोरीला एकदा इचारा."

तो कागद पाठवायची माझी छाती झाली नाही. सुनीता दौंडला गेली.

आठव्या दिवशी ती जीपमधून उतरली तेव्हा मी आधी कपडे पाहिले. पंजाबी ड्रेसच होता, देवाची कृपा. घरात आली, पाणी प्याली आणि म्हणाली, "आप्पा, आपली माती कसली हाय?"

"काळी."

"काळी म्हंजी? किती खोल? खाली मुरूम हाय का चुनखडी?"

मी आत गेलो, पेटी उघडली आणि सातबारा आणून तिच्या हातात दिला. क्लार्क माणूस मी, दुसरं काय आणणार?

तिने तो नीट वाचला. "आप्पा, ह्यात मालकाचं नाव हाय. मातीचं न्हाई."

मग तिने सांगितलं. आंटीच्या क्वार्टरमागे दहा फूट जागा. तेवढ्यात टोमॅटो, पुदिना, गुलाब. कशाला काय घातलं, कधी कीड पडली, सगळं वहीत लिहिलेलं. आंटीने कौतुकाने विचारलं, "तुम्हारे घर तो खेती है ना? बाजरा कैसे उगाते हैं, बताओ." आणि सुनीताला काही सांगता येईना. वडील करतात एवढंच माहीत. वडीलही करत नव्हते, वाटेकरी करत होता. आंटी रोज नवीन काहीतरी विचारायची आणि ही रोज मान खाली घालायची.

"मला लाज वाटली, आप्पा. तिच्याकडं दहा फूट, आपल्याकडं आठ एकर. तिच्या घरी जाऊन मला कळलं, मी शेतकऱ्याची हाय. आन् मला काय बी येत न्हाई." मग एका दमात म्हणाली, "मला बीएस्सी अ‍ॅग्री करायचंय."

शेतातून सुटावी म्हणून जिला शिकवली, ती कॉलेजात जाऊन शेतीच शिकणार! मी तसाच उठलो आणि सरांकडे गेलो. वाटेत चांगलं जोरकस बोलायचं ठरवलं होतं. तिथे गेल्यावर तोंडातून भलतंच निघालं.

"सर, रोज संध्याकाळी घरी आली असती हो ती. तुम्ही माझी पोरगी घालवली."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "मला दौंडात ठिवून वाडा पुढं निघाला, तवा माझ्या आईनं एकदा बी मागं वळून बघितलं न्हाई. मला लई राग आला व्हता. म्हातारी झाल्यावर इचारलं तिला. म्हणाली, बघितलं असतं तर तुला घिऊन गेली असती."

मग त्यांनी माझ्याच समोर कृषी महाविद्यालयाच्या फॉर्मच्या नकलांवर सह्या केल्या. मी शिक्के मारले.

सुनीता शिकली, पुढे एमएस्सी झाली आणि रायचूरला बियाणांच्या एका कंपनीत लागली. निमोण्यातली पहिली पोरगी जी नोकरीसाठी महाराष्ट्राबाहेर गेली. दर रविवारी फोन करायची. "आप्पा, कानडी यायला लागली," असं आनंदाने सांगायची. एक भाषा आली म्हणजे एक गाव लांब गेली, असा माझा हिशोब. तिने दहा वेळा बोलावलं, मी गेलो नाही. आज पाणी द्यायचंय, उद्या लग्न आहे. एकदा तर मी तिला वाटेकऱ्याच्या म्हशीचं आजारपण सांगितलं.

सर रिटायर झाल्यावरही मला छळायचे. तळेगावच्या आठवडे बाजारात गाठायचे आणि भाजीच्या पाट्यांमधून ओरडायचे, "काय भाऊसाहेब, रायचूर झालं का?"

"पुढच्या महिन्यात, सर."

"व्हय व्हय. म्हस बरी हाय का आता?"

एका सोमवारी वडगाव रासाईहून निरोप आला. सर सकाळी अंगणात बसल्या बसल्या गेले होते. नदीकाठी माणूस मावत नव्हता. आंटी दौंडहून एस्टीने आल्या होत्या, काळा फ्रॉक, हातात आपल्याच गुलाबांचा हार. तो तमिळ ड्रायव्हर आला होता. हॉटेलवाला पोरगा आला होता. सरांच्या भावांना यातल्या निम्म्यांशी काय बोलावं कळत नव्हतं, म्हणून ते नुसते हात धरून उभे होते.

संध्याकाळी मी सुनीताला फोन केला.

ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. मला वाटलं रडेल, चार गोष्टी काढेल. नुसतं "बरं"? ते "बरं" मला झोपू देईना. तिथे तिच्या आजूबाजूला सरांना ओळखणारं एकही माणूस नव्हतं, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी मी येतोय म्हणून तिला कळवलं, न्हावऱ्यावरून चौफुला आणि चौफुल्यावरून दौंड गाठलं आणि रायचूरची गाडी धरली. सोलापूरच्या पुढे मी जन्मात गेलो नव्हतो. डब्यात माझी भाषा सोलापूरपर्यंत पुरली, त्यापुढे नुसती मान हलवत बसलो. रायचूरला उतरलो तर बाहेर माझी पोरगी एका रिक्षावाल्याशी कानडीत कडाकडा भांडत उभी. एक अक्षर कळलं नाही, पण हात नाचवायची ढब आमच्या निमोण्याच्या चावडीवरची होती. मी बघतच राहिलो.

तिने मला पाहिलं. कानडी वाक्य अर्ध्यावर टाकून ती माझ्याकडे आली.

"आप्पा," ती म्हणाली, "आपलं सर गेलं वो."

आणि मोठ्याने रडायला लागली. ते रडू तिने दोन दिवस माझ्यासाठी राखून ठेवलं होतं.