मिशीतली अंबाडी

आमच्या कॉलनीच्या सेक्रेटरीवर मी सूड उगवला, आणि तो ठेल्यावर उगवला. मी चित्रकलेची निवृत्त शिक्षिका आहे, तोही आपल्याच विदर्भातून इकडे परराज्यात आलेला निवृत्त साहेब. पूर्वी मी त्याला अहो-जाहो करायची. आता लिहिताना तरी करणार नाही.

माझ्या घराच्या भिंतीला लागून दोन हात रुंदीची मातीची पट्टी होती. आईने तिथे वीस वर्षं अंबाडी लावली. बी तिच्या माहेरचं, वर्ध्याकडचं. ती दरवर्षी चार झाडं बियाण्यासाठी राखायची आणि डबा भरून ठेवायची. ती गेल्यावर मीही तेच करत होते. मागच्या पावसाळ्यात मी आठ दिवस नागपूरला लग्नाला गेले. परत आले तर रिक्षातून उतरायला सिमेंटच्या ठोकळ्यांची गुळगुळीत फरशी. अंबाडी नाही, माती नाही, आणि वर त्याच्या मुलाची गाडी उभी.

"बाई, कॉमन जागा हाय ते," तो म्हणाला. "जमिनीत कोणी काही लावाचं नाही, असा ठराव झाला. बाजारात काय भाजी भेटत नाही का?"

दोन दिवस माझं डोकं फिरलेलं होतं. तिसऱ्या दिवशी सुचलं. जमिनीत लावायचं नाही ना? नाही लावत.

शहराच्या टोकाला भनपुरीला जाऊन भाजीवाल्याचा जुना चारचाकी ठेला आणला. त्याला वीतभर उंच फळ्या ठोकल्या, तळाला भोकं पाडली, माती, शेणखत आणि राइस मिलमधला कोंडा कालवून भरला. मग बोटाने मातीत रेघा ओढल्या आणि सेक्रेटरीचा चेहरा काढला. चाळीस वर्षं पोरांना चेहरे शिकवले, हात बसलेला आहे. गालांना मेथी, कानांना इथली लाल भाजी, म्हणजे लाल माठ, नाकाला कोथिंबीर. मिशी तो दर रविवारी काळी करतो. तिथे मी आईच्या डब्यातली अंबाडी पेरली. पट्टीत पेरून मूठभरच बी उरलं होतं. अर्धं पेरलं.

मेथी चौथ्या दिवशी वर आली. कोथिंबीर आपल्या सवडीने येते, त्यामुळे आठवडाभर सेक्रेटरी बिननाकाचा होता. रोज सकाळी साडेसहाला मी ठेला ढकलत त्याच्या फाटकासमोर नेऊन उभा करायची आणि ऊन तापलं की घरी आणायची. त्याने महानगरपालिकेत तक्रार करायची धमकी दिली, रस्त्यावर भाजी विकते म्हणून. मी पाटी लावली: 'ही कलाकृती आहे. विक्रीसाठी नाही. तोडून खावी.'

लोकांना तेवढंच हवं होतं. समोरची वहिनी टोपली घेऊन आली, म्हणाली, "बाई, आज वरणात टाकाले थोडा गाल नेऊ का?" पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, बायका कान मागू लागल्या. मिशीला सगळ्यात जास्त मागणी. अंबाडीची भाजी आणि भाकर म्हटलं की आपली माणसं कुठेही जिभल्या चाटतात. तो फाटक उघडायचा तेव्हा कोणी ना कोणी त्याची मिशी खुडत असायचं. त्याचं तोंड पाहून मला जो आनंद व्हायचा, तसा मला कुठल्या बक्षिसाने कधी झाला नाही. तीन आठवड्यांत चेहरा बोडका झाला. मी माती उकरली आणि पुन्हा पेरला. डबा उलटा करून झटकला. मिशी या वेळी जास्त दाट हवी होती.

ती चांगली दाट आली, आणि लोकांनी ती पार देठापर्यंत खुडली. मीच खुडू दिली. दोन झाडं बियाण्यासाठी राखावीत, असं एकदा मनात आलं होतं. पण मग मिशी एका बाजूने अर्धवट राहिली असती, आणि तो हसला असता.

एका सकाळी तो स्वतःच ठेल्याजवळ आला. आवाज उतरलेला होता.

"बाई, काहून इतकं लावून धरून राहिल्या? नातू मले भाजीवाले आबा म्हणून राहिला. मी कमिटीशी बोललो. ठोकळे काढून देतो, माती टाकून देतो. तुमच्या आईची अंबाडी लावा तिथं पहिल्यासारखी."

दोन महिने मी याच वाक्यासाठी ठेला ढकलला होता. ते माझ्यासमोर उभं होतं आणि मला घरातला रिकामा डबा आठवला. अंबाडी बाजारातही मिळते, बी पण मिळतं. आईचं नाही मिळत. ते मी दोन खेपांत याच्या तोंडावर पेरून कॉलनीला खाऊ घातलं होतं.

"नको," मी म्हणाले. "तुमची गाडी राहू द्या."

त्याने एकदा ठेल्याकडे पाहिलं. मग हात जोडून आत गेला. बाई फार खुनशी आहे, असं त्याने घरी सांगितलं असणार. सांगू दे. रिकामी पट्टी परत घेतली असती तर मी तिथे आईचं सोडून काय लावते, हे त्याने रोज खिडकीतून पाहिलं असतं. त्यापेक्षा मी खुनशी बरी.