झाडू, फिनाईल व इतर

नोकरीच्या शेवटच्या अकरा वर्षांत मी दर महिन्याला एक ओळ न चुकता लिहिली. 'झाडू, फिनाईल व इतर साफसफाई साहित्य.' अक्षर माझं वळणदार, साहेब लोक कौतुक करायचे. ही ओळ म्हणजे एक जिवंत बाई होती. अकरा वर्षं मला यात काहीच वावगं दिसलं नाही, यावर आज माझा स्वतःचाच विश्वास बसत नाही.

मी मूळचा पिंगळीचा. परभणी जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी आमचं सरकारी कार्यालय होतं. कोणतं, ते विचारू नका. तिथे मी लेखा लिपिक. कार्यालय चालवायला जो किरकोळ खर्च लागतो, वीज, कागद, पाणी, डागडुजी, त्याला आमच्या भाषेत सादिलवार म्हणतात. या सादिलवारातून वस्तू घेता येते, पण माणूस ठेवता येत नाही. रोजंदारीवर कुणाला लावायचं नाही असा सक्त हुकूम. आता चार खोल्या, दोन संडास आणि दिवसभर पानतंबाखू खाऊन येणारी शंभर माणसं. झाडायचं कुणी? माझ्या आधीच्या लिपिकाने चार्ज देतानाच कानमंत्र दिला होता. "माणूस लिवला की आक्षेप येतो बाबा. झाडू लिव. झाडूला कुणी काई म्हणत न्हाई."

तेव्हापासून मी झाडू लिहीत आलो. बाजारातला एक दुकानदार दर महिन्याला बिल द्यायचा, सामान द्यायचा नाही. बिलाचे पैसे त्याच्या खात्यात जमा व्हायचे आणि तो आपलं काय ते कापून उरलेले मावशीच्या हातावर ठेवायचा. मावशी म्हणजे ती झाडणारी बाई. माझ्या आधी पाच वर्षं ती तिथे होतीच. सकाळी आमच्या आधी यायची, आणि फिनाईल स्वतःच्या पैशाने आणायची, कारण बिलातलं फिनाईल म्हणजे तीच होती! हे सगळं आम्ही चांगुलपणाने करतोय अशी आमची पक्की समजूत होती. गरीब बाईचं घर चालतंय, नियमबियम जाऊ दे खड्ड्यात.

फेब्रुवारी आला की आमच्या ऑफिसात सुतक असायचं. आयकर कापून पगार हातात यायचा तो अर्धामुर्धा. मग चहाच्या वेळी कर धोरणावर चर्चा. जुनी प्रणाली बरी की नवी, घराच्या कर्जाची सूट कशी बसवायची, आणि शेवटी ठरलेलं पालुपद, की या देशात कर भरतात फक्त पगारदार, बाकीचे नुसते खातात. यात माझा आवाज सगळ्यात मोठा. एका वर्षी मावशी कप गोळा करता करता थांबली आणि म्हणाली, "साहेब, मी बी टॅक्स भरायले का वो?"

आम्ही इतके हसलो की एकाच्या नाकातून चहा आला. मी म्हणालो, "तुमचं काय मावशी, मजा आहे तुमची. ना रिटर्न ना कपात."

ती पण हसली आणि कप विसळायला गेली. ती असं का विचारतेय, हे विचारायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

त्याच उन्हाळ्यात ऑडिट लागलं. तसं दरवर्षी लागायचं, पण या खेपेला वरून काटकसरीचं परिपत्रक आलेलं, प्रत्येक कार्यालयाचा चालू खर्च तपासायचा. आमच्या साहेबांनी बिलं चाळली आणि घाम पुसला. "फिनाईल संपलं म्हणता येईल. झाडू कुठं गेले म्हणायचं?" सरकारात वस्तू झिजून मोडून गेली तरी फेकता येत नाही. वरून मंजुरी मिळेपर्यंत ती तशीच ठेवून दाखवावी लागते. वर्षभरात आम्ही कागदावर छत्तीस झाडू घेतले होते. खोलीत होता एक, तोही मावशीचा घरचा.

आम्ही वर्गणी काढली आणि पस्तीस शिंदीचे झाडू विकत आणले. पण ते सगळे नवेकोरे, पिवळेधमक. आंधळ्यालाही कळलं असतं. तेव्हा तोडगा कुणी काढला? मीच काढला. ही अक्कल माझी. मावशीला म्हणालो, "हे मागच्या फरशीवर घासून जुने करून द्या. दोन दिवसांत."

तिने झाडूंच्या ढिगाकडे पाहिलं. "लक्ष्मी हाय साहेब ती. उगंच काहून झिजवायची?"

"ऑडिट आहे मावशी. तुमच्यासाठीच चाललंय हे सगळं."

परभणीचं एप्रिलचं ऊन काय असतं ते तिथे राहिलेल्यालाच कळतं. पाठीमागच्या फरशीवर पदर डोक्यावर ओढून ती दोन दिवस झाडू घासत बसली. एकेक झाडू बुडख्यापर्यंत, काही मुद्दाम एका अंगाने, रोज एकाच हाताने झाडलं की झिजतो तसे. तिचं काम इतकं चोख की आम्ही बघायला खिडकीत गर्दी केली. ऑडिटवाल्यांनी झाडू मोजले, नोंदवहीवर बरोबरची खूण केली, आणि 'कार्यालयात कोणीही रोजंदारी कर्मचारी नाही' असा दाखला साहेबांकडून लेखी घेतला. दाखल्याचा मसुदा माझाच. संध्याकाळी भजी मागवली. मावशीलाही प्लेट दिली.

महिन्याभराने मावशी माझ्या टेबलापाशी आली. गावात मुलींचं नवं वसतिगृह उघडणार होतं, तिथे सफाईला बायका घेणार होते. पगार बँकेत, भविष्य निर्वाह निधी, आजारपणाची रजा. अट एकच, सरकारी कार्यालयात काम केल्याचा दाखला.

"सोळा वर्षं झाडलं एवढंच लिवून द्या साहेब. जास्तीचं काई नगं. सही मी शिकले, पोरीनं शिकवली." तिने तळहातावर बोटाने सही करून दाखवली. सोळा वर्षांत आम्ही तिला सही करायला एक कागद दिला नव्हता.

साहेबांकडे गेलो. ते खुर्चीतून उठलेच. "वेड लागलं का तुमाला? आत्ताच लेखी दिलंय, कुणीच नाही म्हणून. आता ही सोळा वर्षं होती म्हणून देऊ? खोट्या बिलांची वसुली कुणाकडून होईल? बिलांच्या नोंदी कुणाच्या अक्षरात आहेत?"

माझ्याच अक्षरात होत्या. मी गुमान टेबलावर आलो आणि कुठे काही वाट सापडते का म्हणून बिलांचा गठ्ठा सोडला. तेव्हा पहिल्यांदा ते बिल मी माणसासारखं वाचलं. फिनाईलच्या ओळीपुढे कर, अठरा टक्के. ही बेरीज मी दर महिन्याला तपासायचो. आकडा जुळतो का, एवढंच बघायचो. जे फिनाईल कधी विकलंच गेलं नाही, त्यावरचा हा कर भरला कुणी?

तसाच उठून दुकानात गेलो. दुकानदार शांतपणे म्हणाला, "तिच्याच पैशातून कापायलोय की साहेब. बिल फाडलं की टॅक्स भरावाच लागतो. मी पदरचा कामून भरू? आन् तिला सांगतो ना दर महिन्याला, टॅक्स कापला म्हणून."

दुकानाच्या पायरीवरच मला मावशीचा प्रश्न आठवला. मी बी टॅक्स भरायले का वो? तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. आणि आम्ही दात काढले. सगळ्या सुटी, वजावटी, कर्जाचे हप्ते दाखवून माझा कर पगाराच्या पाच-सहा टक्क्यांवर यायचा, आणि तेवढ्यासाठी मी फेब्रुवारीभर बोंबलायचो. ती मात्र फिनाईल म्हणून अठरा टक्क्यांनी कर भरत होती, तोही झाडायच्या मजुरीतून, आणि वर खरं फिनाईल आणत होती त्यावरचा कर वेगळा. इतकी वर्षं हिशेबाची नोकरी करून मला हे दुकानदाराने सांगावं लागलं!

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. माझी आई शाळा झाडायची. आमच्या वस्तीतली हजेरीपटावर नाव असलेली ती पहिली बाई, आणि त्या नावाच्या जोरावर तिला म्हातारपणी दोन घास मिळाले. बाबा म्हणायचे, कागदावर नाव आलं म्हणजे माणूस उभा राहिला. त्या आईचा मुलगा मी. मला निवृत्तीला आठ महिने होते. दाखला लिहिला असता तर पेन्शन अडकली असती. मी दोनदा कागद पुढे ओढला, तारीख टाकली, आणि दोन्ही वेळा फाडला. लाज वाटली, अजून वाटते, पण फाडला.

वसतिगृहाचे अर्ज घेण्याच्या शेवटच्या दिवशी मावशी आली. मी काय सांगणार होतो ते तिने माझ्या तोंडावरच वाचलं.

"राहू द्या साहेब," ती म्हणाली. "तुमची पेन्शन हाय."

तिने मलाच समजावलं. मग चारही खोल्या झाडल्या, संडास धुतले, आपला घरचा झाडू घेतला आणि गेली. परत आली नाही. पुढे कळलं की मुलीकडे जिंतूरला गेली, हंगामात कापूस वेचते.

पुढच्या महिन्यात ऑफिसात कुबट वास सुटला तेव्हा साहेबांनी दुकानातून सामान मागवलं. तीन झाडू आणि फिनाईलचे डबे, बिलाप्रमाणे मोजून. अकरा वर्षांतलं पहिलं खरं बिल. मी ते तपासलं, कराची बेरीज पाहिली, आणि वळणदार अक्षरात तीच ओळ लिहिली. डबे मी निवृत्त झालो त्या दिवशीही कोपऱ्यात तसेच होते, सील न फोडलेले.